मान आधी वळते

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांचं एक रिंगण रंगवलेलं आहे. एकासारखा दुसरा नाही. कुणाची मान मागे वळलेली, कुणाची पुढे ताणलेली. त्या रिंगणाची रेघ मी वर्षानुवर्षं गिरवत आले. रेघ हुबेहूब यायची, पण पक्ष्याचं वजन काही कागदावर उतरत नव्हतं.

ते उतरलं नाथसागरावर, जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, जानेवारीतल्या एका सकाळी. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब, म्हणजे हंसांच्याच कुळातले पक्षी, येतात, हिमालय ओलांडून. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, आणि राखाडी अंग. जायकवाडीचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेऱ्याच्या जमिनीत ते कोवळा गहू, हरभरा खुडतात. शेतकऱ्यांना त्यांचा त्रास होतो, तो खराच आहे.

मी काठावर बसून चोचीचा आकार टिपत होते. शेजारी जाळं आवरत असलेले मामा बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "ताई, चोच कशाला बघता? मान बघा. अगुदर मान वळती, मग अंग." थोड्या वेळाने थव्यातल्या माना एकामागून एक वर झाल्या, डोकी हलू लागली. मामा म्हणाले, "आता उडत्याल." आणि खरंच, पुढच्या क्षणी सगळं पाणी फडफडाटाने भरून गेलं.

मी चोच सोडली. कुंचला मानेच्या मुळाशी टेकवून वळणावर दाबला आणि पाठीवर हलका करत सोडला. एका हाताची रेघ. अजिंठ्याच्या रेघेची जाडी वळणावर का वाढते, ते मला तेव्हा हातातून कळलं. तिथे रेघही अंगाला गोलाई देते. ज्याने ते हंस काढले त्याने हंस पाहिले होते, जवळून पाहिले होते, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

माझी शाई जपानी पद्धतीची, काजळ आणि सरस मळून केलेली कांडी, दगडावर पाण्यात उगाळायची. अजिंठ्यातला काळाही काजळाचाच. कागद मात्र आपल्या कागजीपुऱ्याचा, दौलताबादजवळचा, चिंध्यांच्या लगद्यातून हाताने केलेला. कोरा वापरला तर शाई पसरते. म्हणून जपानी चित्रकारांसारखा मीही त्याला सरस आणि तुरटीचा हात देते. तुरटी जास्त झाली तर कागद पुढे ठिसूळ होतो, तेव्हा प्रमाण जपावं लागतं. १९१७-१८ मध्ये कांपो अराई हे जपानी चित्रकार अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. पुढे जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यूजी या बौद्ध मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या नकलाही त्यांनी केल्या. तिथले बोधिसत्त्व पाहिले की आपला अजिंठ्याचा पद्मपाणी आठवतो. या दोन भिंतींमधली वाट त्यांनी कुंचल्याने चालून पाहिली, आणि मला ते फार मोठं काम वाटतं.

त्या दिवशी काढलेल्या चित्रांमधली काही मी मामांना दाखवली. त्यांनी एकेक कागद उन्हात धरून पाहिला. एकावर बोट ठेवून म्हणाले, "ह्याचं बरं जमलंय. उडायचंच हाय ह्याला." मग दुसऱ्याकडे पाहून, "पण ह्याचे पाय कुठं गेले?"

पट्टकादंब मार्चपर्यंत असतात. सध्या मी गाळात उमटलेली पावलं काढते आहे.