जांभ्याचा गडगा रचताना

सिमेंट न घालता रचलेला गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, कोकणच्या पावसात टिकतो, कारण मागच्या मातीतलं पाणी फटींतून निथळून जातं. सिमेंटने सांधे बंद केले आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर भिंतीला पोट सुटतं.

तीन फूट उंचीसाठी पाया दोन फूट रुंद, माथा सव्वा फूट. चर कडक मुरूम लागेपर्यंत खणा. चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, ताजा असताना मऊ असतो, हवेवर कडक होतो. म्हणून घडाई आधीच उरका. पांढरट मातकट डागांचा चिरा खालच्या थरात नकोच, भिजून भुगा होतो. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका आणि दर तीन-चार फुटांवर एक लांब दगड आडवा, आरपार घाला. भिंतीच्या पोटात दगडाच्या कपच्या ठासा. इथेच कामचुकारपणा होतो: माती भरली की पाण्याबरोबर वाहून जाते आणि गडगा बसतो.

पावसात शेवाळ, नेचे, तेरडा आपसूक येतात; राहू द्या. पिंपळाचं रोप मात्र बोटभर असतानाच मुळासकट उपटा. नुसतं छाटलं तर पुन्हा फुटतं आणि मूळ जाड होऊन चिरे सरकवतं.