अकरा आर, अकरा मालक

पुण्याच्या हवेली तालुक्याच्या पूर्वेला, मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणारा 1 हेक्टर 20 आरचा बागायती गट. सात खरेदीखतं झालेली, प्रत्येकी 11 आरची (1 आर म्हणजे साधारण एक गुंठा), आणि प्रत्येकात दहा-अकरा खरेदीदार, एकमेकांचे कोणीच नाहीत. शेजारचे ऊसवाले शेतकरी फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नवी नावं लावण्याची, नोटीस घेऊन आमच्याकडे आले.

तुकडेबंदी कायद्यात प्रमाणभूत क्षेत्र म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र; ऑगस्ट 2023 पासून बागायतीचं 10 आर, जिरायतीचं 20. म्हणजे 11 आरच्या खतात कागदावर तुकडा पडतच नाही. सातबाऱ्यावर नावं सामाईक लागतात, जागेवर मात्र पांढरी फक्की टाकून, हद्दी आखून गुंठा-गुंठा वाटला जातो. त्यामुळे ‘तुकडेबंदीचा भंग झाला’ एवढीच हरकत लिहिली असती तर ती पहिल्याच तारखेला पडली असती.

सगळ्यात आधी पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) झोन दाखला काढला, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे त्याचा दाखला. रहिवास झोनमधले जुने तुकडे विनाशुल्क नियमित करण्याची वाट शासनानं 2025 मध्ये मोकळी केली आहे. तिथे असं प्रकरण लढवणं अवघड. दाखला शेती झोनचा आला. मग खतांच्या नकला पुरवण्यांसकट, म्हणजे जोडलेल्या कागदांसकट, मागवल्या. इथे कंटाळा करू नये, कारण खताच्या मजकुरात नसतं ते जोडलेल्या नकाशात सापडतं. दोन खतांना नंबर टाकलेल्या प्लॉटचा नकाशा जोडला होता.

नोटिशीला 15 दिवसांची मुदत असते. हरकत लेखी दिली, आवक शिक्का घेतला, तेव्हा नोंद तक्रारी नोंदवहीत, म्हणजे वादातल्या नोंदींच्या वहीत, गेली.

सुनावणीत समोरचे वकीलसाहेब म्हणाले, “खरेदी सामाईक आहे, वाटप झालेलंच नाही.” आम्ही तो नकाशा पुढे ठेवला. गुंठ्याच्या चतुःसीमा लिहिल्या की ते वाटपच, आणि प्रमाणभूत क्षेत्राखालचं वाटप कायद्याला चालत नाही. दुसरा मुद्दा कुळकायद्याच्या कलम 63 चा होता: सामाईक खरेदीतही प्रत्येक जण शेतकरी असावा लागतो. पुरावे मागितल्यावर निम्म्याहून जास्त नावांपुढे काहीच आलं नाही. नकाशावाल्या दोन्ही नोंदी रद्द झाल्या, बाकीच्या पाच पुराव्यांसाठी थांबल्या.

शेतकऱ्यांचं खरं दुखणं मात्र चारीचं, म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या पाटाचं, होतं. प्लॉटिंगचा रस्ता थेट चारीवर आखलेला. खडी-मुरूम पडला की खालच्या उसाची पाणीपाळी बुडणार. फेरफाराच्या हरकतीनं चारी वाचत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागलं. अडथळा झाला की 6 महिन्यांच्या आत मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे वेगळा दावा लावावा लागतो. त्यासाठी तारखेसह फोटो, पंचनामा आणि पाटबंधारे शाखेकडचा चारीचा नकाशा आजच काढून ठेवायला सांगितलं. मुरूम पडल्यावर चारी कुठून जात होती हे जागेवर दाखवता येत नाही.

नोंद रद्द झाली तरी नोंदणीकृत खत उभंच राहतं. खरेदीदारांना प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपिलाला 60 दिवस आहेत, आणि ते जाणार.