भंडारदऱ्याला मुक्कामाला जा

आपल्या नाशिककरांचं भंडारदरा म्हणजे काय तर रविवारी सकाळी आठला निघायचं, वाटेत मिसळ, मग धरणाच्या भिंतीपाशी फोटो, रंधा फॉल, भाजलेलं कणीस, आणि दिवेलागणीला परत घोटी गाठायची. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे मुक्काम करावा असं डोक्यातच येत नाही कुणाच्या. मीपण कितीतरी वर्षं असंच केलंय आणि दर वेळी घरी आल्यावर वाटायचं की पाहिलं सगळं पण गेलो कुठे नाही. या वर्षी दसरा झाल्यावर मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची सहावीतली मुलगी असे तिघं दोन रात्रींसाठी गेलो, शेंडीत गाडी लावली आणि मधे फक्त एकदाच, कळसूबाईसाठी बारीला जाताना काढली. बाकी सगळं पायी आणि बोटीने.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, भंडारदरा म्हणून आपण जे गाव म्हणतो ते मुक्कामाचं गाव म्हणजे शेंडी. एस्टी स्टँड, चार हॉटेलं, वडापावच्या गाड्या, लगेच पुढे धरण. प्रवरेवरचं हे धरण इंग्रजांनी १९१० मधे बांधायला घेतलं आणि १९२६ मधे पूर्ण झालं, विल्सन डॅम आणि आर्थर लेक ही नावं तेव्हाची. जलाशयाला आता आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. राघोजी इथलेच, अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे, सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८४८ मधे ठाण्याच्या जेलमधे त्यांना फाशी दिलं. भाचीला हे मी भिंतीजवळ उभं राहून सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या, मग सगळे अजून आर्थर लेकच का म्हणतात?" खरंच, का म्हणतो आपण? मी तरी आता म्हणत नाही.

धरण अकरा टीएमसीचं, आणि पाणी खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडे जातं. भिंतीतून पाणी सोडलं की खडकावर छत्रीसारखं पसरतं तोच अंब्रेला फॉल. म्हणजे तो धबधबा पावसावर नाही, पाणी सोडण्यावर अवलंबून आहे. आम्ही गेलो तेव्हा बंद होता, खडक नुसता कोरडा. त्यासाठीच जाणार असाल तर शेंडीत कुणाला तरी फोन करून आधी विचारा.

पहिल्या दिवशी कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण, हे शाळेत पाठ केलेलं असतं पण अर्धा डोंगर आपल्या इगतपुरी तालुक्याच्या बाजूला आहे हे नाशकातल्याच बऱ्याच जणांना माहीत नसतं. चढायची नेहमीची वाट बारी गावातून. पहाटे साडेपाचला निघालो, भाताची खाचरं दोन्ही बाजूला, भात पिवळा पडायला लागलेला आणि दव इतकं की गुडघ्यापर्यंत पॅन्ट ओली. आम्ही तिघं महिनाभर पांडवलेणीच्या पायऱ्या चढून सराव केला होता, त्याचा उपयोग होतो पण कळसूबाईचा दम वेगळा, एक चढ संपला की लगेच दुसरा समोर उभा, आणि मधे त्या लोखंडी शिड्या. शिडीवर वारा लागला की रेलिंग थरथरतं ते हाताला कळतं. भाचीला मी पुढे आणि भावाला मागे ठेवलं, तिला एकच सांगितलं की एक हात सुटला तर दुसरा घट्ट पाहिजे.

वाटेत एका मावशींच्या झोपडीवजा टपरीत ताक प्यायला थांबलो. रोज खालून हंडा डोक्यावर घेऊन चढतात. ज्या शिड्यांचे आम्ही फोटो काढत होतो त्याच शिड्या त्या हंड्यासकट चढतात आणि आपण दहा रुपयांच्या ताकाला घासाघीस करतो, हे मी स्वतः एका ग्रुपला करताना पाहिलं आणि फार वाईट वाटलं. कृपा करून करू नका.

त्याच मावशींनी भाचीला कळसूची गोष्ट सांगितली. कळसू कोळ्याची पोर, पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून, की केर आणि भांडी सोडून बाकी सगळं करीन. एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला तीच कामं सांगितली. तिने ती केली, पण मग रागावून डोंगरावर निघून गेली ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला तो काळदरा. मला ही गोष्ट लहानपणापासून माहिती होती पण रोज हंडा वाहणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकली तेव्हा पहिल्यांदा नीट कळली असं वाटलं. अट मोडली म्हणून निघून गेलेली मुलगी, तिच्या नावाचं एवढुसं देऊळ सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यावर. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते, बायका नऊवारी नेसून, ओटीचं ताट घेऊन वर येतात.

वर वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका रांगेत, एकीकडे खाली भंडारदऱ्याचं पाणी, आणि उत्तरेला आपले ब्रह्मगिरी आणि अंजनेरी. घरून रोज दिसणारे डोंगर मागच्या बाजूने बघायचे, ते बघत आम्ही अर्धा तास नुसते बसून राहिलो.

रात्री शेंडीत नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. जेवून धरणाच्या बाजूला चालत गेलो तर अंधारात पाण्याचा आवाजसुद्धा नाही, फक्त पलीकडच्या काठावर एक-दोन दिवे. मुक्काम करा म्हणते ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी बोटीने रतनवाडी. पाणी भरपूर असेल तेव्हाच हे जमतं, उन्हाळ्यात काठ फार मागे सरकतो, मग गाडीरस्त्याने वळसा घालून जायचं. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहार राजा झंझाने बांधलं असं सांगतात, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. देवळासमोर सगळे फोटो काढतात पण जवळची पुष्करणी बघायला फार थोडे जातात. चौकोनी कुंड आहे, भिंतीतल्या कोनाड्यांमधे विष्णूच्या मूर्ती, प्रत्येक कोनाड्याला स्वतःचं छोटं शिखर. एका मूर्तीच्या पायापाशी शेवाळावर एक खेकडा बसला होता, आम्ही वाकून बघतोय तोवर हलला नाही आणि सावली पडल्याबरोबर दगडाच्या फटीत गेला. भाचीला देवळापेक्षा तोच आवडला.

रतनगडाची वाट इथूनच. सुरुवातीला प्रवरा दोन-तीनदा ओलांडावी लागते, इथे ती ओढ्याएवढी आहे, बूट हातात घेऊन चालत जाता येतं. मग दाट जंगल, त्यात वाटा फुटतात, म्हणून गावातले एक मामा सोबत घेतले. शिड्या, गणेश दरवाजा, रत्नादेवीची गुहा, मग वर पठारावर सोनकीची पिवळी फुलं अजून शिल्लक होती, आणि सगळ्यात वर नेढं. सुईच्या नेढ्यासारखं डोंगराला आरपार पडलेलं भोक, आत पाच-सहा माणसं आरामात बसतील एवढं. वारा एका बाजूने आत घुसतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो, घामाने भिजलेला शर्ट पाच मिनिटांत वाळला.

खाली उतरताना मामांनी काजव्यांचा विषय काढला आणि त्यांचा आवाजच बदलला. मेअखेर ते पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत या भागात हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर लाखो काजवे येतात, सगळं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. ते चमकणं म्हणजे नर मादीला शोधतोय, आणि मादी पुष्कळदा खाली गवतात, झुडपात असते. आता गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या, मोठ्याने गाणी, त्यात गवतात शिरून फोटो. उजेडात त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही आणि गवतातल्या माद्या बुटाखाली जातात. "ताई, आमचं पोट आता त्या लोकांवरच चालतं, येऊ नका कसं म्हणू? पण बॅटरी बंद करा म्हटलं तर भांडायला उठतात," मामा म्हणाले. हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तरी शनिवारी रात्री घाटघर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी जूनमधे त्या रांगेत दीड तास अडकले होते, आणि शेवटी दिसले ते पुढच्या गाडीचे लाल दिवे. जायचंच असेल तर सोमवार ते गुरुवार जा, गाडी गावात ठेवा, गावातला माणूस सोबत घ्या, त्याला नीट पैसे द्या, फोन खिशात ठेवा आणि पायवाट सोडू नका. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढं थांबलं की आपोआप दिसायला लागतं.

सांदण दरी या वेळी केली नाही. साम्रदपासून सुरू होणारी ती घळ पावसाळ्यात अजिबात करायची नाही, आणि त्यानंतरही तोंडाशी गार पाण्याचा डोह असतो, त्यामुळे मुलांना घेऊन गेलात तर डिसेंबरनंतरच.

परतीची बोट साडेचारची होती. भाची मागे तोंड करून बसली होती, नेढं दिसतंय का बघत. मामांनी तिला खूण सांगितली होती, कुठल्या सुळक्याच्या डावीकडे बघायचं ती. बोट बरीच लांब गेल्यावर ओरडली, "आत्या, दिसलं, आभाळ दिसतंय त्यातून!"

घोटीला थांबून पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेतला. जूनमधे परत जातोय, मंगळवारी.