अंबाजोगाई ते लातूर : जुन्या गाडीचे दणके कमी करण्याचा माझा अनुभव

बर्दापूर मागे पडले की आई खिडकीच्या वरची मूठ डाव्या हाताने घट्ट धरायची आणि रेणापूर येईपर्यंत सोडायची नाही. तिच्या कमरेच्या मणक्यांची झीज झालेली असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी तिला अंबाजोगाईहून लातूरला दवाखान्यात न्यावे लागते. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचेच आहे. परंतु परत आल्यावर ती दोन दिवस अंथरुणावरून उठत नसे. एकदा तपासता तपासता डॉक्टरांनी सरळच विचारले, “आजींना कशातून आणता?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. गाडी २०१० सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, माझ्याकडे दुसऱ्या हाताने आलेली आणि एक लाख अठरा हजार किलोमीटर धावलेली. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून आहे तीच गाडी आईला सोसवेल अशी करून घ्यायची, असे मी ठरवले.

ज्याला विचारावे तो एकच सांगे : शॉकअप (चाकाजवळचे, हादरे जिरवणारे तेलाचे नळकांडे) गेले असतील, चारही बदलून टाका. मीही त्याच तयारीने लातूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. साठी ओलांडलेले हे गृहस्थ गाडीखाली जाण्याआधी माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “चला सर, अगोदर एक चक्कर मारू. दणका कुठं बसतो ते बघू, मग पाना हातात घेऊ.” त्या अर्ध्या तासात मला जे कळले, त्यावरच पुढचे सगळे काम उभे राहिले.

आमच्या भागातला रस्ता दोन तऱ्हांनी त्रास देतो. खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे डांबर नवे असले तरी काही काळाने रस्त्याला लाटा येतात आणि त्यांवरून गाडी होडीसारखी वरखाली होते. दुसरा त्रास तुटलेल्या कडांचा, पुलावरच्या सांध्यांचा आणि खड्ड्यांचा. तिथे हिसका क्षणभराचाच असतो, पण तो थेट मणक्यात जातो. लाटांवर गाडीला सावरण्याचे काम प्रामुख्याने स्प्रिंग आणि शॉकअप करतात, तर बारीक, टोकदार धक्का आधी टायरने आणि मग जोडणीतल्या रबरांनी गिळायचा असतो. माझ्या गाडीत दोन्ही बाजू बिघडलेल्या होत्या, आणि नुसते शॉकअप बदलले असते तर निम्मे दुखणे तसेच राहिले असते.

सुरुवात टायरपासून झाली. आधीच्या मालकाने शोभेसाठी सोळा इंची अलॉय चाके बसवली होती आणि त्यांवर १९५/५५ आर१६ मापाचे टायर होते. माझ्या गाडीला कारखान्यातून मिळणारे माप १६५/८० आर१४ असे होते. या आकड्यांचा अर्थ मी तोवर कधी नीट पाहिला नव्हता. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजूची भिंत उंच आहे ते सांगतो. १९५ च्या ५५ टक्के म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर, आणि १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये पंचवीस मिलिमीटर रबर आणि हवा जास्त, म्हणजे खड्ड्याची कडा चाकाला लागण्याआधी दबायला तेवढी जास्त जागा. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास मात्र जवळजवळ सारखाच, ६२० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे वेगदर्शकाच्या आकड्यात फरक पडण्याचे कारण नव्हते. मी अलॉय चाके टायरसकट विकली, जुन्या बाजारातून चौदा इंची लोखंडी रिम घेतल्या, त्या मशीनवर फिरवून वाकड्या नसल्याची खात्री केली आणि मूळ मापाचे नवे टायर बसवले.

हवेचेही तसेच. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर २९ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) लिहिलेले असताना माझ्या टायरमध्ये ३६ निघाली, कारण पंपावरचा मुलगा सर्वच गाड्यांत ३५ च्या वर हवा भरे आणि मी कधी त्याला हटकले नव्हते. जास्त हवेचा टायर दगडासारखा होतो. आता मी छोटा गेज घेतला आहे आणि सकाळी गाडी हलवण्यापूर्वीच हवा मोजतो. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढतो, म्हणून आमच्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी, तापलेल्या रस्त्यावरून आल्यावर मोजून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती नक्की कमी भरते.

यानंतरच्या फेरीत आई म्हणाली, “खडखड कमी झाली रे, पण मागून फेकल्यासारखं अजून होतंय.” तिचे म्हणणे अचूक होते आणि त्याचे कारण मीच होतो. दोन वर्षांपूर्वी गतिरोधकावर गाडी खालून घासू लागली, तेव्हा कुणीतरी सुचवले म्हणून मी मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर घालून घेतले होते. गाडी दोन बोटे वर आली, म्हणून मला समाधान वाटले होते. पण बफर ज्या वेढ्यांमध्ये बसतो ते वेढे दबायचे थांबतात, आणि स्प्रिंगमध्ये काम करणारे वेढे जितके कमी, तितकी ती कडक. सहापैकी एक वेढा अडला तरी स्प्रिंग वीस टक्क्यांनी ताठ होते. चांगल्या स्थितीतली गाडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा या संथ लयीत वरखाली होते आणि ती लय माणसाला फारशी जाचत नाही. बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त जाचतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे. सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपची ही सगळी जोडणी, ताठ झाले किंवा अडकले, की गाडी स्प्रिंगऐवजी टायरवरच उसळू लागते आणि तिची थरथर नेमकी त्या दिशेने सरकते. निरोगी माणसाला ही थरथर थकवते. आईसारख्या रुग्णाला ती दोन दिवस झोपवते. हे समजल्यावर मी त्याच दिवशी बफर काढायला लावले.

मग प्रश्न उरला की गाडी मुळात घासत का होती. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजली तेव्हा स्प्रिंगा खचलेल्या नाहीत असे दिसले. घासण्याचे खरे कारण शॉकअपमध्ये होते : ते गाडीला आवरतच नव्हते, त्यामुळे गतिरोधक ओलांडताना ती पूर्ण खाली बसत होती. स्प्रिंग गाडीचे वजन तोलते, पण धक्का साठवून परत फेकते. ती उसळी जिरवण्याचे काम शॉकअपचे असते, ज्यात दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची उष्णता होऊन विरते.

मिस्त्रींनी पुढचा शॉकअप सोडवून, लोखंडी आवळणीने स्प्रिंग दाबून बाहेर काढली आणि जुना दांडा माझ्या हातात देऊन दाबायला सांगितले. अर्ध्यापर्यंत तो काही अडथळ्याविना आत गेला, मग आत गुळगुळ आवाज झाला, आणि हात काढल्यावर तो जिथल्या तिथे राहिला. नवा, गॅस भरलेला शॉकअप दाबला तर सबंध अंतर सारखा विरोध करीत आत गेला आणि सोडल्यावर आपणहून सावकाश वर आला. जुन्याच्या धूळरोधक रबरी टोपीत पिवळसर भुगा साचला होता. दांडा पूर्ण खाली आल्यावर शेवटचा दणका झेलणारा फोमचा ठोकळा तेरा-चौदा वर्षांत विरून त्याची ती भुकटी झाली होती, म्हणजे मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळत होते. मूठभर भुगा हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो, कारण आईच्या कमरेत बसणारा दणका कुठून येतो ते पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होते. त्या ठोकळ्याची किंमत शॉकअपच्या मानाने नगण्य असते आणि पुष्कळ ठिकाणी जुनाच पुन्हा बसवला जातो. आपण तो मागून घ्यावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. नवे शॉकअप बसवण्याआधी मिस्त्रींनी ते उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबले आणि सोडले, जेणेकरून आडवे ठेवल्यामुळे तेलात शिरलेली हवा वर निघून जावी.

त्याबरोबर शॉकअपच्या वरची माउंटिंग (बैठक), चाकाला खालून धरणारा लोअर आर्म, लिंक रॉड (जोडदांडा) आणि मागच्या ॲक्सलचे बुश, म्हणजे जोडणीतली रबरे, बदलले. इथे एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली. लोअर आर्मच्या बुशमधले रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेले असते. ते फिरत नाही, फक्त पिळले जाते. गाडी जॅकवर असताना, चाके खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर चाके जमिनीवर टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी ताठ लागते आणि बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने घट्ट करायचे, गाडी खाली उतरवून एक-दोनदा दाबायची आणि चारही चाकांवर वजन असतानाच शेवटचा पाना द्यायचा. दुकानातला पोरगा घाईत होता आणि त्याला हे पटत नव्हते. मिस्त्रींनी मात्र लाकडी फळ्यांवर गाडी चढवून खाली सरपटत जाऊन स्वतः बोल्ट आवळले. त्या वयात त्यांनी घेतलेले ते कष्ट मी विसरणार नाही.

शेवटी व्हील अलाइनमेंट केली, कारण पुढचा शॉकअप काढून बसवला की चाकांचे कोन हलतातच. खर्च असा झाला : सस्पेन्शनचे सुटे भाग १४,५०० रुपये, मजुरी ३,८०० आणि अलाइनमेंट ५००, टायर व रिम २१,६०० रुपयांना पडले, पण अलॉय चाकांचे १४,००० परत आले. एकूण २६,४०० रुपये खिशातून गेले. ही रक्कम माझ्यासाठी लहान नव्हती, म्हणूनच काम टायर, बफर आणि शॉकअप अशा तीन टप्प्यांत, चार महिन्यांत केले. त्याचा एक फायदा असा झाला की प्रत्येक बदलाने नेमका काय फरक पडला, हे आईला वेगवेगळे सांगता आले. सगळे एकाच दिवशी केले असते तर ते कळले नसते.

आता लाटांच्या पट्ट्यात गाडी एकदा उठते, एकदा बसते आणि स्थिर होते. गतिरोधकावर ती घासत नाही, जरी बफरविना दोन बोटे खाली असली तरी. वळणावर ती पूर्वीच्या रुंद टायरपेक्षा जरा जास्त झुकते, हे मान्य केले पाहिजे. मी पन्नास-साठच्या वेगाने जातो, त्यामुळे मला त्याची अडचण नाही, पण जोरात चालवणाऱ्याला ती जाणवेल. खोल खड्डा आजही खोल खड्डाच आहे आणि तिथे गाडी हळू करण्यावाचून दुसरा उपाय नाही.

मागच्या फेरीत बर्दापूर ओलांडल्यावर आईने पिशवीतून तुळशीची माळ काढली आणि रेणापूरपर्यंत जप केला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. संध्याकाळी घरी आल्यावर थोडे पडून तिने स्वतः देवापुढे दिवा लावला.

पाचशे किलोमीटरनंतर मिस्त्रींनी सगळे बोल्ट पुन्हा तपासले आणि डाव्या लिंक रॉडचा एक नट किंचित सैल निघाला, तो आवळला. आईच्या आसनातला फोम मात्र मध्यभागी दबून गेला आहे आणि खालची पट्टी बसताना लागते, असे ती म्हणते; येत्या फेरीत तिला दवाखान्यात बसवून मी गाडी सीट शिवणाऱ्याकडे नेणार आहे.