तिसरा कोंबडा, सुताचं अंग

१३ जानेवारी

सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे परतताना जवळच्या वडाळ्याला आत्याकडे जेवायला थांबणार होते, म्हणून तिचा तांबडा कोंबडा कापायचा ठरला. मी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, रस्सा तुमचा आणि कातडी माझी, टॅक्सिडर्मीसाठी; म्हणजे खरी कातडी नकली धडावर चढवून कोंबडा जिवंतासारखा उभा करायला. पिसं उपटायची नाहीत, गरम पाण्यात बुडवायचा नाही, जाळावर भाजायचा नाही. आत्याला ते पटेना. "अगं, कातडं घिऊन तू करनार काय? चप्पल?" असं म्हणत म्हणत शेवटपर्यंत मोबाईलची बॅटरी धरून तीच उभी राहिली.

वजन २ किलो १०० ग्रॅम. शेपटीची लांब वाकडी पिसं तीन कमी, मागच्या महिन्यातल्या झुंजीत गेलेली. गळ्यावरची चीर लहान ठेवायला सांगितली होती, ती मानेच्या पिसांखाली सहज झाकली जाईल. छातीच्या हाडापासून गुदद्वारापर्यंत एकच काप घेतला आणि बोटांनी कातडी सोडवत गेले. गुडघ्यात पाय तोडले, खांद्यात पंख. कातडी मोज्यासारखी उलटी करत कवटीपर्यंत आले. मांस आत्याच्या पातेल्यात जाईपर्यंत कातडी टिकवणाऱ्या टाकणखाराची (बोरॅक्सची) पुडी उघडलीसुद्धा नाही. मांस खायचं असेल तर हा नियम कुणीही मोडू नये.

पातेल्यात जाण्याआधी सोललेल्या धडाची मापं घेतली: लांबी १९ सेंमी, छातीचा घेर ३४, मान १४. वर्तमानपत्रावर ठेवून दोन बाजूंनी पेन्सिलीनं बाह्यरेषा काढली. पहिल्या दोन कोंबड्यांच्या वेळी मी हे केलं नव्हतं. अंदाजानं भरत गेले आणि दोन्ही उशीसारखे फुगले.

तुऱ्याचा ठसा तिथंच, अंगणात घेतला. तुरा आणि हनुवटीखालचे लोंबते कल्ले वाळले की आमसुलासारखे आकसतात, पहिल्या कोंबड्याच्या वेळी मी ते हताशपणे बघत बसले होते. आता दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात तो अल्जिनेट घेते. तो सुकला की स्वतःच आकसतो आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत फार थांबत नाही, म्हणून प्लास्टर आधीच मोजून ठेवायचं आणि ठसा निघाल्या निघाल्या ओतायचं. त्या प्लास्टरच्या प्रतीवरून सिलिकॉनचा साचा आणि साच्यात रंगवलेलं रेझिन. तीन पायऱ्या आहेत, पण तुऱ्यावरचा बारीक रवाळपणासुद्धा उतरतो.

१४ जानेवारी

संक्रांत. घरात तिळगूळ आणि मोरीत कोंबड्याची कातडी, त्यामुळे आईशी थोडं वाजलं.

चरबी काढायला चार तास लागले. पिसांची मुळं ओळीनं असतात आणि चरबी त्या ओळींच्या मध्ये दडते. चमच्याच्या कडेनं आणि तारेच्या ब्रशनं मुळाकडून टोकाकडे खरवडत जायचं. शेपटीवरची तेलग्रंथी पूर्ण काढायची. चरबी राहिली तर ती वर्षभरानं पिवळी होऊन कातडीच जाळते, माझ्या दुसऱ्या कोंबड्याच्या पाठीवर तो डाग आहे. मग भांड्यांच्या लिक्विड साबणानं थंड पाण्यात तीन वेळा धुतली, आपल्याच सोलापुरी टेरी टॉवेलात दाबली आणि ड्रायरच्या थंड हवेनं पिसं उलटी फुलवत वाळवली. ओली असताना ती चिंधी वाटते. ड्रायरखाली एकेक पीस उघडत जातं आणि मानेवरची सोनेरी झालर परत येते, तेव्हा मला दर वेळी थांबावंसं वाटतं.

आतून टाकणखार चोळला. नव्यांसाठी सांगते, किराण्याच्या दुकानात बोरॅक्स मागितलं की दुकानदार बघत राहतो. काष्ठौषधीच्या दुकानात टाकणखार मागा. मास्क आणि हातमोजे मात्र हवेतच. आणि कुठे जुना, इंग्रजांच्या काळातला भरलेला पक्षी हाती आला तर उघड्या हातानं शिवू नका. त्या काळी कातडीला आर्सेनिकचा साबण लावत.

१८ जानेवारी

आपल्याकडे अजून "पेंढा भरलेला" म्हणतात. पेंढा जाऊन शंभर वर्षं उलटली. कार्ल एकली या अमेरिकन माणसानं १८९० मध्ये मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी मस्करॅट या पाणथळीतल्या प्राण्याचा देखावा केला, तेव्हापासून तो आतल्या शरीराच्या मागे लागला. पुढे तो आधी मातीत स्नायूंसकट प्राणी घडवायचा, त्याचा साचा काढायचा आणि कातडी सगळ्यांत शेवटी चढवायचा. म्हणजे हे शिल्पकाराचं काम झालं. मला या छंदात ओढलं ते याच गोष्टीनं.

पक्ष्यासाठी परदेशात लाकडाच्या दोऱ्यासारख्या बारीक छिलक्यांचा गोळा दोऱ्यानं आवळून धड करतात. मी जेकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, डिझाईन काढते, यंत्रमागाच्या शेडमध्ये रोज जाणं-येणं असतं आणि तिथं वेस्ट सूत पोत्यानं मिळतं. या वेळी सबंध धड त्या सुताचं केलं. पेन्सिलीच्या बाह्यरेषेवर ठेवून आवळायचं, परत ठेवायचं, परत आवळायचं. सुताची मोठी सोय म्हणजे सुई आरपार जाते आणि तार आत घट्ट बसते. पायाला दहा नंबरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, मानेला बारा.

शेवटचा घेर ३३.५ आला. अर्धा सेंटीमीटर मुद्दाम कमी, कारण कातडी वाळताना आवळते.

१९ जानेवारी

रात्री दहा ते पहाटे तीन, कातडी सुताच्या धडावर चढवली. पंखा बंद, खिडक्या बंद. सोलापुरात हे काम मे महिन्यात करून बघितलंय: पाठ शिवेपर्यंत पापण्या कडक होतात. जानेवारीत तासभर जास्त मिळतो.

डोळे १० मिमीच्या अर्धगोल काचेचे, मागून रंगवलेले. मध्ये काळी बाहुली, भोवती नारिंगी आणि कडेला किंचित लाल. पापणी डोळ्याभोवतीच्या मातीवर बसवताना वरची कड एका केसाएवढी खाली घेतली आणि चेहरा एकदम सावध झाला. एवढ्या एका हालचालीसाठी मी वीस मिनिटं श्वास धरून होते.

२६ जानेवारी

पिसं जागेवर धरणाऱ्या टाचण्या आणि कार्डाच्या पट्ट्या तशाच आहेत. तुरा बसवला. पायांचा रंग उडाला होता, त्यावर पातळ पिवळ्या रंगाचे हात दिले.

शेपटीचा प्रश्न सोडवला, पण तो सोडवायला आठवडा गेला. दुसऱ्या कोंबड्याची पिसं लावली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण झुंजीत गेलेली पिसं हीसुद्धा या कोंबड्याचीच गोष्ट आहे. म्हणून त्या तीन जागी मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेलं) सूत लावलंय, काळसर हिरवं, तारेभोवती पिसाच्या वळणानं गुंडाळलेलं. उजेडात ते खऱ्या पिसाशेजारी चमकतं आणि तरी सूत म्हणून ओळखू येतं. २००४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या तीन कलाकारांनी "रोग टॅक्सिडर्मी" नावानं असं मिश्र काम सुरू केलं, खऱ्या कातडीबरोबर कापड, रेझिन, काहीही. त्यातली दोन डोक्यांची पिल्लं मला भावत नाहीत. पण साहित्य लपवायचं नाही हे मला तिथूनच मिळालं. कोंबडा उभा राहणार तो घडी घातलेल्या चादरीवर.

एका मित्रानं नान्नजच्या रस्त्यावर मेलेल्या नीलपंखाचा फोटो पाठवून "हा घे की" म्हटलं. निळा रंग बघून माझाही जीव कळवळला. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असा मेलेला सापडलेला पक्षी सरकारच्या मालकीचा असतो, त्याचं पीसही घरी आणायचं नाही. त्याला वनखात्याला फोन करायला सांगितलं. वन्यप्राण्यांवर परवानगीनं होणारं काम बघायचं असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये सुरू झालेलं केंद्र आहे. शरीररचनाशास्त्र शिकवणारे पशुवैद्यक डॉ. संतोष गायकवाड यांनी तिथं वाघ-सिंहांवर काम केलंय. आपण आपले कोंबडी-बदकांवर हात बसवू या, त्यातच शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

१ फेब्रुवारी

आत्या बाजारासाठी आली होती. तिला दाखवावा की नाही, याची मला धाकधूक होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पाठीवरून हात फिरवला, सुताच्या पिसांशी थांबली, "हितलीच गेलती," म्हणाली.

आणि मग: "पर मान अशी नव्हती गं ह्याची. मी दाणं टाकाया आले की आधी डावीकडं वाकडी करायचा, एका डोळ्यानं बघायचा, मंग पळत यायचा."

मी मान ताठ ठेवली होती, समोर बघणारी. चित्रातल्या कोंबड्यासारखी. मापं सगळी घेतली होती मी, पण ही सवय वर्तमानपत्रावरच्या रेषेत येणारच नव्हती.

कातडी मानेत वाळली आहे. पण आत सूत आहे आणि सूत पाणी धरतं. आज सिरिंजनं शिवणीतून मानेत थोडं थोडं कोमट पाणी सोडलंय आणि वरून ओल्या फडक्याची घडी बांधून ठेवली आहे. तारेवर जस्ताचा मुलामा आहे, लगेच गंजायची भीती नाही. सकाळपर्यंत मान नरम पडावी. आत्याला रात्री ठेवून घेतलंय. मान तीच वळवणार आहे, मी फक्त टाचण्या मारीन.