रजिस्टरमध्ये मी काय लिहिलं

मी पुण्यातल्या एका कॉलेजात बॉईज हॉस्टेलचा रेक्टर होतो, पाच-सहा वर्षं. नाव सांगत नाही. रेक्टर म्हणजे दिवसभर लेक्चरं घ्यायची आणि वर रात्री ही हमाली.

एका रविवारी रात्री वॉचमन धावत आला, सर दुसऱ्या मजल्यावर हाणामारी चाललीय. गेलो तर नागालँडच्या दोन पोरांनी इंडक्शनवर अखुनी शिजवलेली. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वास उग्र असतो हे मान्य, पण आपल्याकडे सुकट भाजली की अख्ख्या बिल्डिंगला कळतं आणि कुरकुरही होते, तरी त्यावरून कोणी कोणाला दुसऱ्या देशात जा म्हणत नाही ना. इथे समोरच्या खोलीतला एकजण ओरडला होता, "ए चिंकी, चायनात जाऊन शिजव." मग धक्काबुक्की, एकाचा ओठ फुटला.

मी काय केलं, तर सगळे करतात तेच. दोन्ही पार्ट्यांना ऑफिसात उभं केलं, हात मिळवायला लावले, दोघांकडून माफीनामा लिहून घेतला, इंडक्शन जप्त. रजिस्टरमध्ये लिहिलं, "स्वयंपाकाच्या वासावरून किरकोळ वाद, दोन्ही बाजूंना समज दिली." सही करताना अखुनी शिजवणाऱ्यांपैकी एक पोरगा म्हणाला, सर मी नक्की कशाची माफी मागतोय? मी म्हटलं अरे फॉर्मॅलिटी आहे, कर सही.

खूप नंतर वाचलं की दिल्ली पोलिसांनी 2007 साली ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती, त्यात अखुनी, बांबू शूट वगैरे वासाचे पदार्थ करताना आसपास गोंधळ होऊ देऊ नका असा सल्लाच होता. म्हणजे ज्याला शिवी पडते त्यानेच सांभाळून राहायचं, आणि मीही तेच केलं होतं की, फक्त पुस्तिका न छापता. मग 2014 च्या जानेवारीत लाजपत नगरला अरुणाचलच्या निडो तानियाला मारहाण झाली आणि तो पोरगा गेला, त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला बेझबरुआ समिती नेमली. 2016 मध्ये यूजीसीने रॅगिंगच्या व्याख्येत वंश, रंग, दिसणं, प्रांत यावरून दिलेला त्रासही घातला, तोही फ्रेशर असो नसो. ॲडमिशनला अंडरटेकिंग आम्हीच भरून घेतो, व्याख्या वाचतो कोण!

आणि आमच्या गावाला हे नवीन होतं असंही नाही. 2012 च्या ऑगस्टमध्ये अफवांनी घाबरून ईशान्येकडची पोरं पुणे सोडून गावाकडे निघाली होती. तेव्हा स्टाफरूममध्ये चर्चा काय, तर अटेंडन्सचं काय करायचं.

अखुनीच्या भांडणानंतर पुढच्या वर्षी परत तसंच झालं, मणिपूरच्या मुलाच्या बाबतीत, मेसच्या रांगेत. या वेळी मी दोघांना वेगवेगळं बसवून ऐकलं, माफीनामा घेतला नाही, आणि रजिस्टरमध्ये तो शब्द जसाच्या तसा अवतरणात लिहिला. क्लार्क म्हणाले, सर हे असं लिहायचं का, नॅकवाले कॉलेज तपासायला आले की बघतात. म्हटलं बघू देत. प्रकरण अँटी-रॅगिंग कमिटीकडे गेलं, शिवी देणाऱ्याचे वडील येऊन मस्करी होती हो, पोरं आहेत म्हणत बसले, कमिटीतले दोघं मान डोलवत होते, तरी महिनाभर हॉस्टेलबाहेर काढलं त्याला.

अखुनीवाला पोरगा तोवर बाहेर रूम घेऊन राहायला गेला होता. इंडक्शन माझ्याच कपाटात राहिलं. त्याने मागितलं नाही, आणि मीही नेऊन दिलं नाही.