गुडघ्याला ग्रीस नसतं

बेळगावात खानापूर रोडला पिरनवाडीजवळ माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. २१ वर्षं उकिडवं बसून काम करतोय. गेल्या पावसाळ्यात एका गाडीचं मागचं चाक बसवून उठताना पाय जमिनीला तसाच रोवलेला राहिला आणि मी पाना घ्यायला वळलो. गुडघ्यात आतल्या अंगाला टच् झालं. फारसं दुखलं नाही. संध्याकाळपर्यंत काम केलं. सकाळी बघतो तर गुडघ्याचा नारळ झालेला.

जवळच्या एका दवाखान्यात कमरेत इंजेक्शन मिळालं आणि सांगितलं, महिनाभर पाय हलवायचा नाही. हलवला नाही. गुडघ्याखाली उशी घेतली, जरासा वाकवून ठेवला की बरं वाटायचं. आई हळद-तेल लावत होती. शेजारचे मामा रोज बजावत होते, "सुईनं पाणी काढून घेऊ नको बघ, सवय लागतंय." बाकी गल्लीचं एकमत होतं की वंगण संपलं. मला तर ते लगेच पटलं, धंदाच तो. बेअरिंग कोरडं पडलं की वाजतं, ग्रीस भरलं की गप.

तीन आठवड्यांनी उशी काढली तर पाय सरळच होईना. मांडीही बारीक झालेली. मग शहरात हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी विचारलं, सूज किती वेळात आली? तास-दोन तासांत टम्म फुगला असता तर आत रक्त आणि बहुतेक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, गेलेलं. रात्रभरात सावकाश फुगला, म्हणजे चकतीचा, दोन हाडांच्या मधे वॉशरसारखी असते तिचा, संशय. मग त्यांनी गुडघ्याच्या वरचा भाग एका हातानं दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं वाटी खाली ढकलली. ती हाडाला टेकली आणि सोडल्यावर परत वर आली, पाण्यावर तरंगणाऱ्या झाकणासारखी.

पाणी काढलं. ४० मिली. मला वाटलेलं काळं ऑइल निघेल. निघालं फिकट पिवळं. ग्लोव्हजच्या दोन बोटांत थेंब धरून त्यांनी बोटं अलग केली, आपण पाक बघतो तशी. चांगल्या सांध्यातल्या पाण्याला लांब तार येते, अंड्यातल्या पांढऱ्यासारखी. माझी लगेच तुटली. सूज आली की पाणी वाढतं आणि पातळ होतं.

"म्हणजे वंगण संपलेलं नाही?"

"संपलं कुठं? निरोगी गुडघ्यात चमचाभरसुद्धा नसतं. तुमचं जास्त झालंय, खरं पातळ."

सवय लागण्याचंही विचारून घेतलं. आतलं कारण तसंच राहिलं तर पाणी परत भरतं, सुईमुळे नाही.

मग त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा उघडला. बाहेरची पिशवी म्हणजे ऑइल सील, एवढं मला जमलं. पण त्या पिशवीला आतून पातळ अस्तर असतं, आणि ते अस्तर रक्तातलं पाणी गाळून, त्यात चिकटपणा घालून वंगण स्वतः तयार करतं. असं बेअरिंग मी आजवर बघितलं नाही. हाडांच्या टोकांवर काही मिलीमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते. पाया खाताना हाडाच्या टोकाला पांढरं चकचकीत दिसतं, तीच. तिच्यात रक्तवाहिनी नाही, नसही नाही. (आपल्याकडे हिलाही गादी म्हणतात आणि चकतीलाही, त्यामुळे 'गादी गेली' म्हणजे नक्की काय गेलं ते कळत नाही.) रक्त नाही, मग ती जगते कशावर? स्पंजासारखं चालतं. पायावर भार आला की तिच्यातलं पाणी पिळून बाहेर जातं, भार निघाला की सांध्यातलं पाणी आत शिरतं, आणि त्यातूनच अन्न येतं. म्हणजे तीन आठवडे मी माझ्या गुडघ्याला उपाशी ठेवलं होतं.

उशीचंही तसंच. जरा वाकलेल्या गुडघ्यात पिशवीला सगळ्यात जास्त जागा मिळते, म्हणून बरं वाटतं आणि पाय तसाच आखडतो. शिवाय सांधा पाण्यानं ताणला की तिथून मणक्याकडे निरोप जातो आणि मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो, तुम्ही कितीही जोर लावा.

एमआरआयमध्ये आतल्या अंगाच्या चकतीचं मागचं शिंग फाटलेलं निघालं. चकतीच्या टोकाकडच्या भागाला शिंगच म्हणतात. चकतीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोहोचतं, आत नाही. माझी फाट आतली आणि झिजेची, टाके धरणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, तीन महिने व्यायाम, गुडघा मध्येच अडकला तर मात्र लगेच या.

फिजिओथेरपीच्या मॅडम बैलहोंगलकडच्या. "अण्णा, मोणकाल नेर माडि," म्हणजे गुडघा सरळ करा, एवढं एकच कन्नड वाक्य मी पहिला आठवडाभर ऐकलं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली नाही, टाचेखाली, आणि गुडघा खाली दाबायचा. शेवटचे दहा-पंधरा अंश जीव काढतात. एवढ्या थोड्यासाठी हट्ट कशाला, म्हणून विचारलं. मी गुडघ्याला दाराची बिजागरी समजत होतो. पाय पूर्ण सरळ होताना मांडीचं हाड नडगीवर किंचित आत वळतं आणि सांधा कुलूपबंद होतो. म्हणून आपण फारसा जोर न लावता तासभर उभे राहू शकतो. वाकवताना मागचा एक छोटा स्नायू ते कुलूप उघडतो. कन्नडमध्ये सांध्याला कीलु म्हणतात, आपल्या खिळीच्याच नात्यातला शब्द. आणि इथं खीळ कुठंच नाही. बाकी सगळं विसरेन, हे नाही विसरणार.

पाचव्या आठवड्यात पाय सरळ झाला. गॅरेजात आता चाकं लावलेलं बुटकं स्टूल आहे, उकिडवं बसणं बंद. तीन महिने झाल्यावर येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून आलो. चढताना काही नाही. उतरताना मात्र पायरी पायरीनं आलो, कारण पायऱ्या उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो.

रात्री गुडघा जरा गरम लागला. टाचेखाली टॉवेल घेऊन पडलो होतो, तर आईनं उशी आणून दिली. ती डोक्याखाली घेतली.